दुसरं टाका

डिझेलकाकूचा आवाज असा, की तिनं पंपावर उभं राहून "डिझेल! झिरो बघा!" म्हटलं, की रस्त्यापलीकडचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून धरायचा. "काकूचं ओरडून होऊ दे आधी," म्हणायचा, "नाहीतर माझ्या हातनं कुणाचा तरी कान जायचा."

ओरडणं ही पंपाची शिस्त होती. टाकीत नळी घालण्याआधी तेलाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मशीनवरचा आकडा शून्यावर आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायचं, त्यानं मान हलवली की मगच पुढचं काम. बाकीचे ही शिस्त पुटपुटत पाळायचे, काकू घसा खरवडून पाळायची. तिचं म्हणणं साधं होतं. डिझेलच्या नळीचं तोंड जाड, ते पेट्रोलच्या गाडीत सहसा शिरत नाही. पण पेट्रोलची नळी डिझेलच्या गाडीत सुळकन जाते. आणि पेट्रोल गेलं की ती गाडी जुन्या तेलावर थोडी पुढं पळते, नि मग भर रस्त्यात मान टाकते. डिझेल स्वतःच वंगण असतं, पेट्रोल म्हणजे कोरडा चटका. गाडीच्या आतल्या पंपापासून तेलाच्या पिचकारीपर्यंत सगळं खरवडून निघतं.

हे तिला नवऱ्यानं शिकवलेलं. काकू कामाला लागली तीच मुळी नवऱ्याच्या पाठीमुळं, म्हणजे अगदी खरोखरच्या पाठीमुळं. नवरा मालट्रक चालवायचा. सीटवर आदळून आदळून त्याच्या मणक्यांनी एक दिवस संप पुकारला, तो घरात बसला आणि काकू घराबाहेर पडली. पंपाच्या मालकानं विचारलं, "जमेल का तुम्हाला?" काकू म्हणाली, "डिझेलवाल्याच्या घरात नांदलेय मी. दारात ट्रक थांबला की आवाजावरून सांगायची, आज गाडी बिघडलीय का नवरा."

मालक हसला आणि काकू लागली.

तेव्हा डिझेलचं राज्य होतं. पंपाच्या तोंडाशीच डिझेलची मशिनं, पेट्रोल बाजूला. माणसं नवी गाडी घेऊन यायची, काच खाली करायची आणि मुलगा डॉक्टर झाल्यासारखं सांगायची, "डिझेल!" शेजारच्या रांगेतला पेट्रोलवाला उगाच खाली बघायचा. "हत्ती आहे हत्ती, कितीही ओढतो," असं कुणी म्हटलं की काकू त्या हत्तीच्या कानशिलावर थाप मारायची. तिला माणसांपेक्षा त्यांच्या गाड्यांचे खोकले जास्त ओळखीचे. "साहेब, इंजिनाला काही झालेलं नाही, तुमचा पाय जड आहे," असं ती तोंडावर सांगायची आणि साहेब ऐकून घ्यायचे. नाव पडलं ते तेव्हाच. डिझेलकाकू. ती ते मिरवायची.

मग वारं फिरलं.

आधी शाळेच्या फाटकावर पाटी आली, इथं इंजिन चालू ठेवू नका. मग दवाखान्याच्या भिंतीवर फुप्फुसांचं चित्र लागलं, एक बाजू गुलाबी, एक बाजू तव्याच्या बुडासारखी. मग शहरातल्या मधल्या रस्त्यांवर जुन्या डिझेल गाड्यांना बंदी झाली. हे सगळं काकूनं ऐकलं, पाहिलं, मान डोलावली. पण तिला हादरा बसला तो लोकांच्या सुरामुळं. "अजून डिझेल चालवता?" हे माणसं "अजून पिता?" अशा आवाजात विचारू लागली. पंपासमोरून शाळेच्या मुलांची रांग जायची, ती आता मशीनपाशी आली की नाकं दाबायची. एक चिमुरडी काकूकडं बोट करून आपल्या बाईंना म्हणाली, "ह्या धूर विकतात ना?" काकू हसली. हसली खरी, पण भातात खडा यावा तसं ते वाक्य दिवसभर दाताखाली कचकचत राहिलं.

घरातही तेच. नवऱ्याला खोकला होताच. डॉक्टर कधी "धुरामुळंच" असं म्हणाले नाहीत, पण "काय काम करायचात?" हे मात्र दर खेपेला नव्यानं विचारायचे. सून शहाणी होती, तोंडानं वेडंवाकडं बोलणारी नव्हती. बाळ झाल्यावर एवढंच म्हणाली, "आई, बाळाला घ्यायच्या आधी अंघोळ कराल का?"

काकूनं साबणाच्या वड्या झिजवल्या. तरी कोपरं हुंगायची. "एवढा वास येतो का गं?"

"नाही हो आई. सवयीनं वाटत असेल."

"कुणाच्या सवयीनं? तुझ्या का माझ्या?"

खाटेवरून नवरा बोलायचा, "मला विचारा. मला तर वास आला की झोप लागते. गाडी घरी आली म्हणायची."

"तुम्ही गप्प पडा हो. आधी तो खोकला आवरा."

'दुसरं' हा शब्द काढला तोही काकूनंच. एक निवृत्त मुख्याध्यापिका यायच्या. त्यांच्याकडं नवऱ्याच्या वेळची जुनी डिझेल गाडी होती आणि शाळेच्या फाटकावरच्या पाटीसाठी सह्या गोळा करण्यातही त्याच पुढं होत्या. एके दिवशी त्या रांगेत उभ्या असताना शेजारी त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्याची गाडी येऊन लागली. काकूनं पाहिलं, बाई स्टिअरिंग कणीक मळावी तसं मळतायत. काकूनं तोंड उघडलं होतं ओरडायला, ते तिनं मिटलं. खाली वाकून काचेपाशी हळूच म्हणाली, "बाई, दुसरं ना?"

तोवर समोरच्या प्रत्येक मशीनला दोन नळ्या झाल्या होत्या. पहिली पेट्रोलची, दुसरी डिझेलची. बाईंनी असा श्वास सोडला की काच धुरकटली. "हो हो. दुसरंच."

शब्द पसरला. औषधाच्या दुकानात माणूस इकडंतिकडं बघून काहीतरी कागदात गुंडाळून मागतो, तशी माणसं काकूकडं येऊ लागली. "काकू, ते आपलं दुसरं." "दुसरं टाका, अर्धीच टाकी." टायरमध्ये हवा भरणारा हवाभाऊ, जो कंप्रेसरच्या सहवासात अर्धा बहिरा झाला होता आणि उरलेल्या अर्ध्या कानानं सगळ्या पंपाचं ऐकायचा, तो म्हणायचा, "ताई, जो तो तुमच्याकडं येऊन दुसरं दुसरं करतोय. पंप आहे का वधूवर मंडळ?"

मालकालाही बरं वाटलं. "असंच हळू बोलत जा काकू. शोभतं." आणि काकूचा आवाज बसला. घशात नव्हे, मनात बसला. न्हावी आता वस्तरा न थांबवता दाढ्या करू लागला.

त्यानंतर मालकानं पंपाचं तोंडच बदललं. समोरच्या मशिनांतून डिझेल काढलं. तिथं पहिली नळी साध्या पेट्रोलची, दुसरी महागड्या पेट्रोलची. डिझेलचं एकच मशीन ठेवलं, तेही मागं, हवाभाऊच्या खोपटाशेजारी, कुंपणाकडं तोंड करून. काकूही त्याच्याबरोबर मागं गेली. मागं गिऱ्हाईक कमी. उभं राहून राहून डोक्यात नको ते यायचं. मालक येता-जाता त्या मशीनकडं असा बघायचा, जसं घरातल्या अडचणीच्या कपाटाकडं बघतात. कपाट काढलं की त्यावरची धूळ कुठं ठेवतात? नोकरीची ही धास्ती काकू घरी बोलली नव्हती. नवऱ्याचा खोकला आणि बाळाचं दूध, दोन्ही तिच्या या उभं राहण्यावर चाललेलं.

अशात एक दिवस समोरच्या मशीनवरची मुलगी तापानं फणफणली. मालक मागं आला. "काकू, आज तुम्ही पुढं या. फक्त जपून. मागं चूक झाली तर झाकता येते, समोर सगळ्यांना दिसते."

काकूनं हात धुतले, ओढणीनं कोरडे केले, पुन्हा धुतले. पुढं येऊन उभी राहिली तर पाय परक्याच्या घरी आल्यासारखे. मालकानं सांगून ठेवलं होतं, महागडं पेट्रोल खपलं पाहिजे, प्रत्येकाला विचारायचं. म्हणून सकाळपासून तिचं तोंड एकच गाणं म्हणत होतं, "साधं का दुसरं? साधं का दुसरं?" कुणी साधं म्हणालं की पहिली नळी, दुसरं म्हणालं की दुसरी. उन्हं चढेपर्यंत तिच्या हातांना ते पाठ झालं. भीती जरा सैल झाली.

आणि भीती सैल झाली तिथंच घात झाला.

पांढरी उंच गाडी आली. पंपाच्या आवाराला उतार होता. पुष्कळ जण रांगेत इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत आणायचे, तशीच ही आली, आवाज न करता. मागं हिरव्या पानाचं चित्र चिकटवलेलं. चालवणारा चष्मेवाला गृहस्थ, शेजारी एक बाई, मागं दोन मुली, डोक्यावर पोहण्याच्या टोप्या आत्ताच घालून बसलेल्या. "काका, स्पर्धा सुरू झाली असेल," धाकटी म्हणत होती.

चष्मेवाल्यानं काच खाली केली, काकूकडं बघून ओळखीचं हसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, दुसरं. फुल्ल करा."

ते हसू काकूला नंतर कळलं. त्या घटकेला तिनं मान डोलावली, "झिरो बघा" म्हणाली आणि दुसरी नळी उचलली. टाकीच्या झाकणाच्या आत गोंदाचा पांढरट डाग होता, तिथली तेलाच्या नावाची चिठ्ठी कुणीतरी नखानं खरवडून काढलेली. तो डागही तिनं पाहिला. पाहिला आणि नळी आत घातली. नळी सुळकन गेली.

टाकी भरली. झाकण लागलं. काकू मागच्या गाडीकडं वळली. "साधं का…"

पाठीमागं पांढऱ्या गाडीनं इंजिन सुरू केलं.

टकटक-टकटक-गुर्रर्र.

काकू गर्रकन वळली. हा आवाज तिला झोपेतही कळला असता. सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. ते हसू, आधीच्या मशीनवरचं 'दुसरं', म्हणजे डिझेल, आणि ती खरवडलेली चिठ्ठी. हे तर तिचंच जुनं गिऱ्हाईक, मशिनं बदलल्यापासून न आलेलं! समोर अजून डिझेल मिळतं असं धरून, शेजारच्या बाईला कळू नये म्हणून, काकूचाच शब्द तिला परत केला होता त्यानं.

"ओ साहेब! थांबा! बंद करा गाडी!"

काचा वर गेल्या होत्या. गाडी फाटकाकडं निघाली. काकू हातातली नळी तशीच खुंटीला अडकवून धावली, आणि कितीतरी दिवसांनी तिचा खरा आवाज बाहेर पडला. "डिझेल! ओ, डिझेल! डिझेल आहे ती!"

गाडीच्या आरशात चष्मेवाल्याचे डोळे दिसले. ते तिच्यावर आले, मोठे झाले, नि गाडीनं एकदम वेग घेतला.

काकूला आधी कळेचना. थांबायचं सोडून पळतो का हा? मग कळलं. पंपावरची बाई चव्हाट्यावर 'डिझेल डिझेल' ओरडत आपल्या मागं लागलीय, एवढंच त्यानं पाहिलं. चारचौघांत आपली लाज काढतेय, असं वाटलं त्याला.

गाडी डावीकडं वळली. डावीकडचा रस्ता सरळ बोगद्यात जायचा. लांब, वळणदार बोगदा, बाजूला गाडी घ्यायला जागा नाही, आत मोठ्या गाड्या दणदणत सुटलेल्या. गाडीच्या नळ्यांत उरलेलं डिझेल त्याला बरोबर तिथपर्यंत नेणार होतं. आणि मागच्या सीटवर त्या दोन टोप्या.

मालक आतून ओरडला, "काकू, रांग खोळंबलीय!" काकू त्याच्याकडं न बघता खोपटाकडं गेली. हवाभाऊ एका टायरशी वाकलेला. तिनं त्याच्या चांगल्या कानात सांगितलं, "मी डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं. गाडी बोगद्याकडं गेली. पोरी आहेत आत. तुमची स्कूटर काढा."

हवाभाऊनं टायर तसाच टाकला. त्यानं आपली बॅटरीवरची स्कूटर काढली. ती आवाज करत नसे, म्हणून काकूला तिच्यावर बसलं की आपण निघालोय का अजून उभेच आहोत ते कळायचं नाही. आज तर तिला वाटत राहिलं, उभेच आहोत.

"जोरात घ्या ना!"

"जोरातच आहे ताई. चार्जिंग कमी आहे."

"मग कशाला विकत घेतली असली मेली?"

"शिव्या मग द्या. समोर बघा, तीच का?"

तीच होती. चौकात लाल दिव्यापाशी, मधल्या रांगेत. तिच्या नळकांड्यातून धूर येत होता, पण नेहमीचा नव्हे. फटफटत, अडखळत, पांढुरका. लागलं, काकू मनात म्हणाली, पेट्रोल पोचलं. हवाभाऊनं गाड्यांच्या फटींतून स्कूटर घुसवली. दोन गाड्या मधे राहिल्या तेव्हा काकू मागच्या सीटवर उभी राहून दोन्ही हात हलवू लागली. मागच्या काचेतून धाकट्या मुलीनं तिला पाहिलं आणि तिनंही हात हलवला. खुशीत, टाटा केल्यासारखा. मग दिवा हिरवा झाला.

बोगद्याच्या तोंडाशी पहारेकऱ्याची चौकी होती. स्कूटर आत सोडत नाहीत. त्यानं दांडा आडवा घातला. काकू उतरली ती थेट चौकीत शिरली. आत भिंतीवर पडदेच पडदे, प्रत्येकात बोगद्याचा एकेक तुकडा.

"बाई, हे काय? बाहेर व्हा."

"पांढरी गाडी गेलीय आत. बंद पडणार आहे. मागच्या गाड्या थांबवा."

"बंद पडणार आहे? तुम्हाला कुणी सांगितलं? ज्योतिषी आहात का?"

"मीच पाडलीय!" काकू म्हणाली.

पहारेकरी हसायच्या बेतात होता. तेवढ्यात एका पडद्यावर, वळणाच्या जरा पुढं, पांढरी गाडी कचके खात मंदावली, आणखी एक कचका, आणि थांबली. पिवळे दिवे लुकलुकू लागले. पहारेकऱ्याचं हसू तिथंच राहिलं. त्यानं एक बटण दाबलं, बोगद्याच्या तोंडाशी लाल फुल्यांचे दिवे लागले. "आता नव्या गाड्या शिरणार नाहीत," तो म्हणाला, "पण आत शिरलेल्यांचं काही करता येत नाही. वळण आहे. त्यांना ती दिसणारच नाही."

पडद्यावर एक गाडी तिला घासून गेली. दुसरी कशीबशी चुकवून गेली. पांढरी गाडी थरथरायची, थांबायची, पुन्हा थरथरायची. चष्मेवाला चावी फिरवत होता. पुन्हा. पुन्हा. मागचं दार उघडलं. रस्त्याच्या बाजूचं. एक छोटा पाय बाहेर आला.

पहारेकऱ्यानं ध्वनिक्षेपक ओढला. "पांढरे वाहन, कृपया… वाहनधारकाने कृपया…" त्याचा आवाज गुळगुळीत होता. बोगद्यानं तो गिळून टाकला असावा. पाय तसाच बाहेर.

काकूनं त्याच्या हातातून ते काढून घेतलं.

"पोरी! दार लाव!"

चौकीच्या काचा झणाणल्या. हवाभाऊनं बाहेर आपला चांगला कान दाबला. पडद्यावर तो पाय विंचू चावल्यासारखा आत गेला आणि दार लागलं.

"भिंतीकडच्या दारानं उतरा! सगळे! भिंतीला धरून चालायला लागा!"

शेजारची बाई उतरली. मुलींना ओढू लागली. पण चष्मेवाला हातानं त्यांना थांबवत होता. बसा, बसा, होते चालू, असं काहीतरी. पुन्हा चावी. पुन्हा थरथर. काकूला त्याचं मन पडद्यावरून स्वच्छ दिसलं. गाडी चालू झाली की सगळंच झाकलं जाणार होतं त्याचं. तो आशा सोडणार नव्हता. त्याला कारण सांगितल्याशिवाय तो हलणार नव्हता, आणि कारण सांगायचं तर एकाच शब्दानं सांगता येत होतं. 'दुसरं' म्हणून चाललं नसतं.

काकूनं श्वास भरला.

"ओ चष्मेवाले साहेब! ती चालू होणार नाही! तुमच्या डिझेलच्या टाकीत मी पेट्रोल भरलंय! डिझेलच्या टाकीत! चूक माझी आहे! चावी सोडा आणि उतरा!"

पडद्यावरची गाडी थरथरायची थांबली. आत तो माणूस नुसता बसून राहिला, कपाळ स्टिअरिंगवर टेकून. "उठ रे बाबा," काकू पुटपुटली, आणि ते पुटपुटणंही सबंध बोगद्यात घुमलं. तो उठला. चौघं भिंतीला चिकटून एकामागं एक चालू लागली.

ती पडद्याच्या कडेला पोचली असतील नसतील, वळणावरून एक टेंपो आला. त्याची चाकं अडकली, तो तिरपा झाला, घसरत आला आणि पांढऱ्या गाडीच्या पाठीत बसला. पडद्याला आवाज नव्हता. मागची काच पिठासारखी खाली आली आणि डिकी जिथं मुली बसल्या होत्या तिथवर आत गेली. टेंपोवाला उतरून डोकं धरून उभा राहिला. उभा राहिला म्हणजे धड होता.

पहारेकरी "अरे देवा" म्हणाला. काकूनं ध्वनिक्षेपक खाली ठेवला. 

बऱ्याच वेळानं ती चौघं उजेडात आली. धाकटीची टोपी अजून डोक्यावर होती. ती कठड्यापाशी जाऊन ओकली, थोरली तिची पाठ चोळत राहिली. चष्मेवाल्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. काकू त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. पण तो तिच्याशी बोलण्याआधी शेजारच्या बाईकडं वळला.

"मी तुम्हाला सांगणार होतो. गाडी डिझेलची आहे ते. मुलींना रोज बसवतो, म्हणून… जीभ रेटली नाही."

बाईंनी धाकटीचं तोंड पुसता पुसता वर पाहिलं. "अहो, तुमची गाडी सकाळी चालू झाली की आमच्या मांडणीतल्या वाट्या वाजतात. सगळ्या इमारतीला माहीत आहे. कुणाला काय सांगत होतात तुम्ही?"

त्यानं चष्मा काढून पुसला. मग काकूला म्हणाला, "तुम्ही मागून ओरडत आलात, मला वाटलं…"

"कळलं मला काय वाटलं ते."

"मला तक्रार करावी लागेल, काकू."

"करा की. मी भरलं ते मी भरलं." आणि मग राहवलं नाही म्हणून, "पण पुढच्या खेपेला सगळं नाव घ्या हो तेलाचं. मीही घेईन." बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, पुढची खेप कुणाला ठाऊक आहे.

फोन ओढणीच्या गाठीत कधीचा वाजत होता. मालक.

"काकू, आहात कुठं? ती गाडी कसली होती? काय भरलंत तुम्ही?"

काकूनं सांगितलं. लांबण न लावता, टेंपोसकट.

 आवाज खाली आणून मालक म्हणाला, "बरं. आधी हे सांगा, आपल्याकडून झालं असं कुणाला बोललात का?"

"बोलले."

"कुणाला?"

"सगळ्या बोगद्याला."

 पलीकडं पंपावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"मालक?"

"लगेच या," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

हवाभाऊनं विचारलं, "काय म्हणाले?"

"या म्हणाले."

"रागानं, का नुसतंच?"

"तेच तर कळेना."

स्कूटरची बॅटरी संपली होती. हवाभाऊनं पुढून धरली, काकूनं मागून रेटा दिला. बोगदा बंद झाल्यानं रस्ताभर गाड्या तुंबल्या होत्या. माणसं काचा खाली करून विचारत होती, काय झालं, कुणाची चूक, किती वेळ लागेल. काकू सांगत गेली, जेवढं विचारलं तेवढं. एक जण म्हणाला, "मघाशी स्पीकरवर ओरडत होत्या त्या तुम्हीच का?" तिनं मान डोलावली. त्यानं काच वर घेतली. ते कौतुकानं का कंटाळ्यानं, हेही तिला कळलं नाही.

वाटेत ती घरचा हिशेब मांडू लागली, नवऱ्याला आधी सांगायचं का सुनेला, आणि सांगायचं ते अंघोळीच्या आधी का नंतर. हवाभाऊ काहीतरी गमतीचं बोलला, ते तिला ऐकू आलं नाही. चढ संपला आणि पंप दिसू लागला. फाटकात मालक उभा होता, हात पाठीशी बांधून, आणि एवढ्या लांबून त्याचा चेहरा काही वाचता येत नव्हता.